आमच्या तलावातली ओहोटी

गजूकाका सकाळी न्हाणीत शिरला की आधी बादलीचा आवाज यायचा आणि मग आतून समुद्राचं वर्णन सुरू व्हायचं. "मंडळी, आता आपण खाडीच्या मुखाशी आलो आहोत. डाव्या हाताला जी मुळं पाण्याबाहेर डोकं काढून उभी आहेत, ती खारफुटीची. ही मुळं श्वास घेतात. कृपया शांतता राखा." मग तांब्याभर पाणी अंगावर. मग "भरती-ओहोटीची वेळ पाहूनच आपण आत जातो, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही," आणि पुन्हा तांब्या. बाहेर अंगणातल्या चुलीपाशी आई पाण्याखाली तुराट्या सारत असायची, कोठ्यात म्हशी साखळ्या वाजवायच्या, आणि आबाजी, म्हणजे माझे आजोबा, खाटेवरून विचारायचे, "आंघोळ करून राह्यला का कीर्तन?" सेलूपासून आत, चारी बाजूंनी गहू, चणा, तूर आणि कपाशी असलेल्या आमच्या गावात समुद्र पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांतलं एक रोज सकाळी आमच्या न्हाणीत असायचं.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. अंगानं काटक, बोलायला गोड, आणि शेतात असला की आणखीच गोड. वांग्याच्या झाडाशी तो असा बोलायचा की आईला हसू आवरत नसे. सांबार, म्हणजे बाकीचा महाराष्ट्र ज्याला कोथिंबीर म्हणतो ती, त्याच्या हातची सेलूच्या बाजारात सर्वांत आधी संपायची. पण लग्न काही जमत नव्हतं. मुलीकडचे यायचे, घर पाहायचे, विहिरीत वाकून पाहायचे, आणि मग विचारायचे, "मुलगा काय करते?" बाबा म्हणायचे, "शेती." मग आईच्या हातची पाटवडी रश्शात बुडवून खाऊन, हात धुऊन, चपला पायात सरकवता सरकवता ते म्हणायचे, "कळवतो." आमच्या भागात 'कळवतो' हा शब्द नकाराशिवाय दुसऱ्या कशासाठीही वापरतात हे मला बरीच मोठी होईपर्यंत माहीत नव्हतं. काकाला शेवटी पाटवडीचाच संशय येऊ लागला. "वहिनी, यावेळी पाटवडी नको करू. तिचा पायगुण बरा नाई." आईला याचा फार राग यायचा. "पाटवडीले काऊन बोलता? ते तं सगळ्याईनं दोनदा मागून खाल्ली!"

अशात तो गावातल्या पोरांबरोबर कोकणात फिरायला गेला. तिथे एका खाडीत कोणी तरी त्यांना कयाकमध्ये बसवून खारफुटीतून हिंडवून आणलं. बाकीचे पोट्टे मासे खाऊन आणि उन्हानं काळे होऊन परत आले. काका मात्र तिथल्या गाइडचं सगळं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून, डोळ्यांत एक नवीनच चमक घेऊन आला. त्या गाइडला घेरून पोरी कशा प्रश्न विचारत होत्या, हे त्यानं आम्हाला जेवताना सांगितलं. आपल्याकडे काय कमी आहे, असं त्याचं म्हणणं. तलाव आहे. पाणी आहे. बगळे आहेत, पाणकोंबड्या आहेत. राहता राहिली खारफुटी, तर तलावाच्या वरच्या अंगाला, जिथे नाला येऊन मिळतो, तिथे बेशरमाचं केवढं रान माजलं आहे! पाण्यातच तर उभं असतं ते. जांभळी फुलं येतात ते वेगळं. आबाजींनी भाकरीचा घास हातातच धरून विचारलं, "बेशरमाले खारफुटी म्हनतं? मंग बाभळीले काय म्हनशीन, चंदन?" काका म्हणाला, "आबाजी, मार्केटिंग असते हे." आबाजी म्हणाले, "असन बाप्पा," आणि घास खाल्ला.

बंद पडलेल्या कुठल्याशा बोटक्लबातून त्यानं दोन जुन्या कयाक आणल्या. भगव्या रंगाच्या, दोन-दोन माणसांच्या. सोयाबीनच्या टेम्पोवर बांधून त्या आल्या तेव्हा गावातली सगळी पोरं टेम्पोमागे धावली. ठेवायला जागा नव्हती म्हणून त्यांची रवानगी म्हशींच्या कोठ्यात झाली, आणि चंपी नावाच्या आमच्या थोरल्या म्हशीनं पहिल्याच दिवशी एक कयाक टोकापासून टोकापर्यंत चाटून स्वच्छ केली. रस्त्यावर 'खारफुटी सफारी' अशी पाटी लागली. रविवारी सिंदी मेघेकडून कॉलेजची पोरं-पोरी मोटरसायकलींवर येऊ लागली, फोटो काढून जाऊ लागली. मी तेव्हा नववीत होते आणि माझी नेमणूक साहाय्यक गाइड म्हणून झाली होती. काम एवढंच, की मागच्या कयाकमधून यायचं आणि काका "शांतता राखा" म्हणाला की शांतता राखायची. खोटं का सांगू, मला ते सारं फार आवडायचं. बेशरमाच्या दोन भिंतींमधून पाण्याची एक अरुंद गल्ली जायची, वल्हं पाण्यात शिरताना चुळूक असा आवाज व्हायचा, आणि काका पुढे आपल्या शुद्ध कोकणी गाइडाच्या भाषेत म्हणायचा, "ही मुळं श्वास घेतात." पुढे आयुष्यात मी खरी खारफुटी पाहिली. सुंदर असते. पण मला सारखं वाटत राहिलं की हिला जांभळी फुलं का नाहीत.

काकाचं ते भाषण जसंच्या तसं होतं. समुद्राच्या जागी तलाव घालण्यापलीकडे त्यानं त्यात काडीचा बदल केला नव्हता. भरती-ओहोटीही तशीच राहिली होती. मी एकदा त्याला म्हटलं, "काका, आपल्या तलावाले कुठी भरती येते?" तो म्हणाला, "गिऱ्हाइकाले बरं वाटते व."

मग देवळीकडचं स्थळ आलं. मध्यस्थानं तिकडे सांगून टाकलं होतं की मुलगा पर्यटनात आहे, आणि काकानं ते खोडून काढलं नाही. मुलगी पल्लवी, वर्ध्याला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करणारी. मुलीकडच्यांनी येऊन मुलाचं घर पाहायचं ही आमच्याकडची रीतच, पण यावेळी मुलगी स्वतः येणार होती, आणि त्यांना व्यवसायही पाहायचा होता. घरात एकदम लगबग सुरू झाली. काकाचा चेहरा बारावीचा निकाल असल्यासारखा झाला होता. हे जमलं नाही तर यापुढे मी कोणाला घरात येऊ देणार नाही, पोह्यांच्या बशा मांडायच्या नाहीत, काही नाही, असं त्यानं आईला सांगितलं, आणि ते सांगताना त्याचा आवाज फुटला. आई कणीक मळत होती. मी पाहिलं, ती तेच ते पीठ पुन्हा पुन्हा मळत राहिली.

काकानं घरातून शेती काढून टाकायला घेतली. सांबाराचे कॅरेट शेजारच्यांकडे गेले. फवाऱ्याचा पंप माळ्यावर. अंगणात वाळत घातलेल्या तुरी गोळा झाल्या. आईला सांगितलं, म्हशी पहाटेच तलावाच्या पार वरच्या अंगाला ने आणि पाहुणे जाईपर्यंत आणू नको, स्वयंपाक मागून आत्याबाई, म्हणजे बाबांची आत्या, बघतील. आणि आबाजींना सांगितलं, "आबाजी, पाहुन्याईसमोर गहू, चना, पानी, पाऊस, काही बोलाचं नाई." आबाजींच्या बोलण्यातून गहू, चणा, पाणी आणि पाऊस काढले की फक्त खोकला उरायचा. ते म्हणाले, "मंग मी बसून काय करू? मी आपला पाटावर जातो." आणि पहाटे फावडं खांद्यावर टाकून कालव्याकडे निघून गेले. काकाला हायसं वाटलं. गावच्या पाणी वाटपाचं काम आबाजींकडे होतं, तलावाच्या फाटकाची चावी त्यांच्या कडदोऱ्याला असायची, आणि त्या आठवड्यात गव्हाला पाणी सोडायची पाळी होती. पण काका तेव्हा इतका गाइड झाला होता, की आपल्या स्वतःच्या गव्हाची पाळी त्याच्या ध्यानातून पार निघून गेली होती.

पाहुणे आले. पल्लवीचे वडील शांत होते, येऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसले. बोलण्याचं सगळं खातं तिच्या मामांकडे होतं. मामा पांढऱ्याशुभ्र कडक इस्त्रीत, पँट पांढरी, शर्ट पांढरा, चपलासुद्धा पांढऱ्या. पल्लवी मोरपंखी रंगाच्या ड्रेसमध्ये होती, आणि आल्या आल्या तिनं मलाच विचारलं, "तू कितवीत हाये?" मला ती तिथेच आवडली. पोहे झाले, चहा झाला, पाटवडी नव्हती. मामांनी पंख्यापासून छपरापर्यंत सगळं डोळ्यांनी मोजलं आणि म्हणाले, "चला, तुमची कंपनी दाखवा." कंपनी हा शब्द ऐकून बाबांना ठसका लागला.

तलावावर पल्लवीच्या वडिलांनी पाण्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मले पोहता येत नाई. मी इथीच बसतो." बाबा त्यांच्या सोबतीला बसले. पुढच्या कयाकमध्ये काका आणि मामा, मागच्यात मी आणि पल्लवी. मामांच्या पोटावर लाइफ जॅकेटचा पट्टा लागेना, तेव्हा काकानं तो म्हशीच्या दाव्याच्या गाठीनं बांधला. काठावरचा ओल्या चिखलाचा पट्टा रोजच्यापेक्षा रुंद दिसतो आहे, हे मला दिसलं होतं. पण काकाचं सुरू झालं होतं, "मंडळी, आता आपण खाडीच्या मुखाशी आलो आहोत," आणि मी शांतता राखली.

बेशरमाच्या गल्लीत शिरेपर्यंत सगळं छान चाललं. काकाचा आवाज लागला होता. मामा माना डोलवत होते. पल्लवी पाण्यातून हात फिरवत होती. "ही मुळं श्वास घेतात," काका म्हणाला. मामांनी खोलवर श्वास घेऊन पाहिला. "भरती-ओहोटीची वेळ पाहूनच आपण आत जातो, त्यामुळे..." इथे पुढची कयाक खर्र आवाज करून थांबली. आमची तिच्यावर जाऊन आदळली. काकानं वल्हं रोवलं, तर ते पाण्यात न जाता गाळात घुसलं आणि तिथेच उभं राहिलं. मागे यावं म्हटलं तर आमचीही कयाक बुडाशी टेकली होती. दोन्ही बाजूंना बेशरम, खाली काळाभोर गाळ, आणि त्यावर पाणी फक्त बेडकाला पुरेल एवढं.

मामांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग विचारलं, "पानी कुठी गेलं?"

काकाच्या तोंडून पाठ झालेलंच निघालं. "ओहोटी," तो म्हणाला.

"वर्धा जिल्ह्यात?"

काका काही बोलायच्या आत वरून पाळीवरून हाक आली. पाळ म्हणजे तलावाचा बांध, आणि त्यावर फावडं खांद्याला लावून उभे होते आबाजी. त्यांना बेशरमातली भगवी कयाक दिसली असावी आणि त्यांच्या मते ही आनंदाची बातमी सांगायची नामी संधी होती. दोन्ही हात तोंडाशी धरून ते ओरडले, "गज्या! पानी सोडलं रे पहाटपासून! गहू भिजून राह्यला!"

आता कोणीही शहाणा माणूस अशा वेळी मान खाली घालून बसला असता. पण काका कयाकमध्ये ताडकन उभा राहिला, मामा डावीकडे कलले, आणि काका जिवाच्या आकांतानं ओरडला, "खालच्या वावरात पोचलं का?"

"पोचलं!"

"बरं झालं!" काका म्हणाला, आणि इतका मनापासून हसला, की सकाळपासून पहिल्यांदाच तो मला आमचा काका वाटला. "फुलोऱ्यावर हाये गहू, आज भेटलं नसतं तं..." एवढं बोलल्यावर त्याला आपण कुठे आहोत, कोणाबरोबर आहोत आणि काय आहोत हे सगळं एकदम आठवलं. तो खाली बसला. मामा आणखी डावीकडे कलले.

माझ्यामागे पल्लवी हसत होती. आधी दाबून, मग नाकातून, मग अशी की आमची कयाक गाळातल्या गाळात हलायला लागली. हसता हसताच तिनं सरळ पाय बाहेर टाकला आणि मांडीपर्यंत रुतली. चपला गाळानं गिळल्या. मामा ओरडले, "पल्लवी, बस खाली!" तेवढ्या बोलण्यानं त्यांचा तोल गेला आणि ते पांढऱ्या शर्टपँटसकट बेशरमाच्या मुळांत उतरले. ती मुळं तेव्हा खरोखर श्वास घेत होती असं मला वाटलं, निदान बुडबुडे तरी येत होते.

काका त्यांना काढायला उतरला आणि स्वतः रुतला. अशा अवस्थेत, मांडीपर्यंत गाळात उभी राहून, माझ्या डोक्यावरून पल्लवीनं त्याला विचारलं, "तुमी खरं काय करता?"

"शेती," काका म्हणाला.

"मंग तसं काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमी आल्या असत्या का?"

तिनं विचार केला. खरंच केला, मी तिचा चेहरा पाहत होते. "नाई," ती म्हणाली. "मीच घरी सांगून ठेवलं होतं, शेतीवाला नको म्हनून. माह्या बाबानं शेतीच केली सारा जन्म. कोनी विचारलं तं मान खाली घालून सांगते तो, जशी चोरीच केली. मले तसाच नवरा नको होता."

काकानं गाळात रुतलेलं वल्हं उपसायला घेतलं. मी दोघांच्या बरोबर मध्ये बसले होते. तलावाच्या त्या कडेला बसलेल्या तिच्या वडिलांकडे मी पाहिलं. ते आणि बाबा हातवारे करून कशाबद्दल तरी रंगात येऊन बोलत होते. ते बोलणं कपाशीच्या भावाचं होतं हे मला नंतर कळलं.

सुटका केली ती आईनं. ती वरच्या अंगालाच म्हशी घेऊन होती, तिला लपवून ठेवलं होतं ते अगदी तिथे. आरडाओरडा ऐकून ती बेशरम बाजूला सारत आली, समोरचा देखावा पाहिला, पदर तोंडाला लावला, आणि मग काही न विचारता चंपीचं दावं मामांच्या कयाकच्या कडीला बांधलं. मामांना कसंबसं वर चढवलं. "घट धरा," आई म्हणाली आणि चंपीच्या पाठीवर थाप मारली. चंपीनं जोर लावला, कयाक गाळातून फप्प करून सुटली, आणि पाहता पाहता मामा गल्लीतून राजासारखे बाहेर निघाले. पण काठ कुठे आहे याबद्दल चंपीची कल्पना वेगळी होती. तिनं उन्हाची वेळ पाहिली, समोरचं खोल पाणी पाहिलं, आणि सरळ मध्यभागी जाऊन फक्त नाक बाहेर ठेवून बसली. मामा तिला बांधलेलेच होते. "उठव तिले!" मामा ओरडले. आई काठावरून म्हणाली, "तिची आंघोळ झाल्याबिगर ते उठत नाई, भाऊ." मग चंपीची आंघोळ होईपर्यंत सगळे थांबले. तोवर आम्ही बाकीचे बेशरमाच्या फांद्या धरून काठावर आलो होतो, आणि आबाजी फावड्यानं पल्लवीच्या चपला शोधत होते.

घरी आल्यावर आईनं बंबातलं गरम पाणी काढलं. मामांना बाबांचा धोतराचा पंचा मिळाला. पल्लवी आईची चॉकलेटी सुती साडी नेसून, ओले केस मोकळे सोडून अंगणात आली तेव्हा काका विहिरीपाशी तिच्याकडे पाठ करून उभा होता. कोणालाही काही लपवायचं राहिलं नव्हतं. म्हशी कोठ्यात होत्या, शेजारचे सांबाराचे कॅरेट परत आले होते, कारण बाजाराची वेळ झाली होती. आबाजी तर पल्लवीच्या वडिलांना घेऊन वावरात जाऊनही आले होते. आत्याबाईंनी, घरात पाहुणे जेवायचे म्हणून, कोणालाच न विचारता पाटवडी करून टाकली होती. काकाला तो वास आला आणि त्यानं डोळे मिटले.

जेवणं झाली. मामांनी दोनदा पाटवडी मागितली. मग त्यांनी हात धुतले, पंचा सावरला, चपला पायात सरकवल्या, आणि बाबांकडे वळून म्हणाले, "बरं हाये मंग. कळवतो."

बाबांनी हात जोडले. आई दाराआड गेली. मी काकाकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता याच्याकडे आयुष्यात पुन्हा पाहवणार नाही. इतकं मला रडू आलं होतं.

"मामा, थांबा," पल्लवी म्हणाली. ती अंगणाच्या मध्यभागी उभी होती. सगळ्यांसमोर, आईच्या साडीत, अनवाणी, कारण चपला काही सापडल्या नव्हत्या. "कळवाचं मलेच हाये न? मंग मी आत्ताच सांगतो. मले पसंत हाये." मग काकाच्या पाठीकडे पाहून म्हणाली, "नोकरी मी सोडनार नाई. सेलूवरून बस भेटते. आन् लोकाईनं विचारलं तं शेती सांगाची. मोठ्यानं. मघाशी वरडले न, तसं."

आमच्या घरात, आमच्या गावात, मुलीनं असं उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. मुलीला विचारतात, ती मान हलवते, नाहीतर आईच्या कानात काही तरी सांगते. मामा तोंड उघडून उभे राहिले. तिचे वडील मात्र खुर्चीच्या कडेवरून उठले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, "पोरगी म्हन्ते तं झालं." काका वळला. त्याच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं.

मी खांबाला धरून उभी होते. मला आनंद झाला होता, पण त्याहून जास्त काही तरी झालं होतं, आणि ते काय हे तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. अंगणात उभं राहून मोठ्यानं बोलता येतं, एवढंच मला त्या दिवशी कळलं. पुढे यथावकाश मलाही पाहायला आले. चांगला सरकारी नोकरीतला मुलगा होता, सगळ्यांना पसंत होता. पाहुणे चपला घालत असताना मी म्हटलं, थांबा, आणि अंगणात जाऊन, सगळ्यांसमोर, 'नाही' म्हणाले. सगळं घर माझ्याकडे पाहू लागलं. फक्त पल्लवीकाकू हसत होती, आधी दाबून, मग नाकातून.